लिफ्टमध्ये मराठी नाही

आमच्या घरात एक नियम होता. लिफ्टमध्ये मराठी बोलायचं नाही. खाली आई काही सांगायला लागली असेल, तर लिफ्टचं दार उघडताच ती वाक्य अर्ध्यावर सोडायची आणि बाराव्या मजल्यावर उतरल्यावर उरलेलं पुरं करायची. तोवर आम्ही तिघं मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभे. मला या प्रकाराचा तेव्हा वैताग यायचा आणि आजही येतो.

नियम बाबांचा. आम्ही पुण्याहून सिंगापूरला, सेंगकांग भागात आलो तेव्हा आमच्या इमारतीत भारतीय घरं मोजकीच होती. ती वाढत गेली, तशा शेजाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्याही वाढल्या. एकदा लिफ्टमध्ये मी आईला गणिताच्या पेपरबद्दल सांगत होते. समोरच्या घरातले अंकल बायकोला म्हणाले, "दीज पीपल, ऑल्वेज सो नॉइझी." एरवी बायकोशी ते चिनीत बोलायचे, हे खास आमच्यासाठी इंग्रजीत. बाबा काय म्हणाले? "सॉरी, अंकल." आणि हेच अंकल फोनवर मोठ्या आवाजात मालिका लावून लिफ्टमध्ये शिरायचे. त्यांना कोण बोलणार?

"आपला पीआरचा, इथे कायम राहायचा अर्ज गेलाय," बाबा घरी म्हणाले. "कुणाची तक्रार नको." जणू तो अर्ज अंकलच तपासणार होते. आईने मान डोलावली. माझं डोकं फिरलं, पण ऐकतंय कोण.

मी सहावीत असताना चौदाव्या मजल्यावर एक कुटुंब राहायला आलं. त्यांची माझ्याच वयाची मुलगी खाली खेळताना आईला मराठीत हाका मारायची, अगदी बिनधास्त. शाळेत मी 'ती इंडियन' होते. वर्गातली तमिळ मुलगीसुद्धा सगळ्यांना बजावून सांगायची, की आपण इथल्याच, हिच्यासारख्या नव्याने आलेल्या नाही. त्यामुळे मला ही चौदाव्या मजल्यावरची मैत्रीण हवी होती. फार हवी होती.

एका रविवारी आम्ही लिफ्टमध्ये होतो, अंकलही होते, आणि त्या मायलेकी आत आल्या. "तुमच्या दारावरची पाटी वाचली," बाई बाबांना म्हणाल्या. "मराठी ना तुम्ही?"

बाबांनी अंकलकडे एक नजर टाकली आणि हसून विचारलं, "विच फ्लोअर, मॅडम?"

"फोर्टीन," बाई गोंधळून म्हणाल्या.

मला राहवलं नाही. "हो, आम्ही मराठीच," मी म्हणाले. "हिला पाठवा ना आमच्याकडे खेळायला."

बाई हसल्या, पण त्या बघत होत्या बाबांकडे. अंकलनी फोनमधून मानसुद्धा वर केली नाही. ज्यांच्यासाठी हा सगळा आटापिटा, त्यांना पत्ताच नव्हता.

घरी ओरडा बसेल असं वाटलं होतं. बाबा नुसतेच काळजीने म्हणाले, "आता ती माणसं रोज बोलतील आपल्याशी."

"मग बोलू देत ना," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

ती खेळायला आली नाही. पुढे लिफ्टमध्ये भेटली, तेव्हा मी मुद्दाम मराठीत विचारलं, "शाळा आवडली का तुला?"

तिने आधी आईकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "इट्स फाइन, थँक यू."

आम्ही बाराव्या मजल्यावर उतरलो. दार बंद झाल्यावर बाबा कौतुकाने म्हणाले, "समजूतदार आहे हं मुलगी."