शाई नसलेलं बोट

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाताई आमच्या मजल्यावर प्रसाद वाटायला आल्या. आमच्या वॉर्डातून त्या अपक्ष उभ्या होत्या. गल्लीत पाण्याची लाइन आली, तीही त्यांनीच नगरपालिकेत खेटे घालून आणलेली. "निकाल काहीही लागो, तुम्ही सगळे पाठीशी उभे राहिलात," असं म्हणत त्या दारोदार शिरा देत होत्या. पातेल्याच्या काठावर त्यांचं शाई लागलेलं बोट दिसत होतं.

प्रसाद घ्यायचा म्हणजे उजव्या तळव्याखाली डावा धरायचा, ही लहानपणापासूनची सवय. पण समोरच्या काकांनी आज एकच हात पुढे केला. त्यांच्या सुनेने डावा हात ओढणीत घेतला. माझा तर आपोआप पाठीमागे गेला. शाई डाव्या हाताच्या बोटाला लावतात ना!

प्रचारफेरीत घसा बसेपर्यंत ओरडणारे आम्हीच. ताईंना दारात ओवाळलं तेही आम्हीच. मग मतदानाची सुट्टी आली, जेवण जड झालं, जरा पडू म्हटलं. ताई काय, येतीलच निवडून! तोंडाने पाठिंबा द्यायला काय लागतं? रांगेत शेजारचे उभे राहतील, असं मजल्यावरच्या प्रत्येक दाराला वाटलं असणार.

शिरा गरम होता. एका हातात मावेना, थोडा फरशीवर सांडला. मी ओशाळून खाली बघत राहिले. ताईंनी वाकून तो उचलला आणि त्या हळूच म्हणाल्या, "असू दे हो. एका हाताने घेतला तरी प्रसादच तो."