काढून टाकलेला असिस्ट

नव्वदच्या दशकात अमेरिकेत मी दिवसा एका इन्शुरन्स कंपनीत प्रोग्रामर होते, आणि मॅच असली की आमच्या शहरातल्या व्यावसायिक बास्केटबॉल टीमच्या स्कोअर-टेबलापाशी बसून खेळाचे आकडे टाइप करायचे. न बघता टाइप करते म्हणून ऑफिसातल्या एकाने मला तिथे नेलं होतं. नागपूरची बाई आणि बास्केटबॉल, यावर तिथल्या महाराष्ट्र मंडळातले काका लोक हसायचे. हसोत बापडे.

मला त्या खेळातला, बाकीच्यांना बॉल पुरवणारा पॉइंट गार्डच आवडायचा. पंगतीत वाढणाऱ्या माणसासारखा. कोणाचं पान रिकामं आहे हे त्याला न विचारता कळतं. तो स्वतः जेवला का, हे मात्र कोणी विचारत नाही. त्याच्या पासवर कोणी लगेच बास्केट केली की त्याच्या नावावर एक असिस्ट लागतो. 'लगेच' म्हणजे किती, हे आम्ही टेबलावरचे लोक ठरवायचो. घरच्या खेळाडूला देताना हात जरा सैल ठेवायचा, ही पद्धतच होती.

टीमच्या जुन्या पॉइंट गार्डांचे फोटो बाहेर भिंतीवर लावले होते. सगळ्यांत पहिला अजून मॅचला यायचा. काठी टेकत येऊन आमच्या मागच्या रांगेत बसायचा. सर्वाधिक असिस्टचा विक्रम त्याचा होता. आमच्या वेळच्या पॉइंट गार्डने त्या आकड्याची बरोबरी केली ती स्वतःच्या शेवटच्या मॅचच्या आधी. ती शेवटची मॅच रविवारी दुपारी होती. गुडघा कामातून गेल्यामुळे त्या दिवसानंतर तो खेळणार नव्हता. विक्रम मोडायला एकच असिस्ट हवा होता.

त्याने एका उंच पोराला पास दिला, पोराने बास्केट केली आणि मी बटण दाबलं. घोषणा झाली, खेळ थांबला, सगळं स्टेडियम उभं राहिलं. म्हाताऱ्याने काठी खुर्चीला टेकवून टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले होते.

आमचा पॉइंट गार्ड मात्र थेट आमच्या टेबलाकडे आला.

"हा असिस्ट कोणी दिला?"

मी हात वर केला.

"मॅम, तो पोरगा पास घेऊन थांबला. दोनदा ड्रिबल केलं, एकाला चकवलं. ती बास्केट त्याची आहे. काढून टाका."

आमचा प्रमुख म्हणाला, "अरे, हे आम्ही ठरवतो. राहू दे."

तो माझ्याकडेच बघत होता. "तुम्ही बघितलं ना?"

खरं सांगायचं तर मी नव्हतं बघितलं. माझी नजर बॉलवर नव्हतीच, त्याच्यावर होती. इतक्या लोकांसमोर हे कबूल करायची मला भयंकर लाज वाटली आणि त्याचा थोडा रागही आला. पण मी म्हणाले, "नाही. चूक माझी आहे." आणि असिस्ट काढला. स्टेडियमभर हुर्यो उडाली.

उरलेल्या वेळात त्याने एकाहून एक सुंदर पास दिले. स्वतः उडी मारून टाकावं अशा जागेवरूनसुद्धा त्याने पासच दिला. पण पोरांवर दडपण आलं होतं. त्याच्या पासवर एकही बॉल आत गेला नाही. मॅच संपली आणि विक्रम बरोबरीतच राहिला. इतकं हातात आलेलं कोणी असं परत करताना मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

लोक पांगल्यावर म्हातारा हळूहळू टेबलापाशी आला आणि त्याने आकड्यांचा प्रिंटआउट मागितला.

"काढलेला कुठला?"

मी ओळीवर बोट ठेवलं. चष्मा वर करून त्याने ती ओळ वाचली. पलीकडे बाकावर आमचा पॉइंट गार्ड गुडघ्यावर बर्फ धरून बसला होता. म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलं.

"मी असतो," तो म्हणाला, "तर ठेवला असता."