धुळ्याला पाठवलेली फणी

नवा माणूस भेटला की नाना त्याचं नाव विचारायच्या आधी त्याच्या हातात केळ्यांची एक फणी द्यायचे आणि तो ती कशी धरतो ते बघायचे. मी शेजारच्या माझ्या सायकलच्या दुकानातून हे नाटक फुकटात बघायचो. तुम्हीही स्टूल ओढून बसा.

नाना जळगावहून दिल्लीला केळी पाठवायचे. या धंद्यात माल निघतो हिरवा, पोचतो पिवळा आणि पैसे मागितले की दिल्लीचा व्यापारी म्हणतो, काळा होता. म्हणून समोर उभं राहून वसुली आणणारा माणूस लागायचा. बँकेच्या साहेबांनी आधीच हात झटकले होते.

"नाशवंत मालाचं काम आम्ही घेत नाही. वाटेत सडला तर बँकेनं काय खायचं?"

"केळी," नाना म्हणाले आणि उठले.

आधीचा वसुलीवाला एका हंगामाचे पैसे घेऊन गायब झाला होता. असोद्याच्या शेतकऱ्यांनी तेव्हा सांभाळून घेतलं. पुन्हा तसं झालं असतं, तर नानांना कुणी एक घडही दिला नसता.

त्या वर्षी दोघे काम मागायला आले. नानांनी दोघांना एकेक कच्ची फणी दिली. "एसटीनं धुळ्याला जा. माझ्या बहिणीच्या, अक्काच्या हातात द्या." केळं दाबलं गेलं तर लगेच दिसत नाही, पिकताना डाग वर येतो. मग अक्कांचा फोन माझ्या दुकानात यायचा, कारण गल्लीत फोन माझ्याकडेच.

पहिला अंगठ्या घालणारा, गोडबोल्या. त्याची फणी बिनडाग पिकली. मी म्हटलं, "नाना, ठेवा की याला."

"मी बसराई दिली होती," नाना म्हणाले. "अक्काकडे श्रीमंती पोचली."

पठ्ठ्यानं आपली फणी बसमध्ये चिरडली आणि धुळ्याच्या बाजारातून दुसरी घेतली. केळ्याची जातसुद्धा बघितली नाही.

दुसरा दोंडाईचाचा, हडकुळा. तो अक्कांच्या दारातच म्हणाला, "एक डाग पडना, अक्का. गर्दीमा एक मावशी टेकनी." डाग तेव्हा दिसतही नव्हता.

"हाच मना मानूस शे," नाना म्हणाले आणि त्याला दिल्लीला धाडलं.

तो वसुली घेऊन परत यायचा होता त्या दिवशी शेतकरी सकाळपासून नानांच्या ओट्यावर बसले. गाडी आली, तो आला नाही. दुसरी आली, तरी नाही. चहा गार झाला, कुणी कप उचलेना.

"फणी सांभाळणं वेगळं, नाना," एक म्हातारा हळूच म्हणाला. "थैली वेगळी."

नानांच्या हातात एक केळं होतं. आम्हाला केळ्याला बोट लावू न देणाऱ्या माणसाचा अंगठा त्यात पार रुतला होता.

दुपारी माझा फोन वाजला. भुसावळहून तोच होता. नानांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला, आम्ही सगळे वाकलो.

"नाना, एक डाग पडना. थैली फाडी कोनी. एक पुडकं गयं. शोधामा गाडी चुकनी. बाकी बठ्ठं शे."

"कशावरून खरं?" म्हातारा पुटपुटला.

"त्याला काही लपवायचं असतं, तर माझ्याकडे श्रीमंती पोचली असती," नाना म्हणाले. "गेलेलं पुडकं माझ्या वाट्याचं."

संध्याकाळच्या बसनं तो उतरला. फाटकी थैली पोटाशी धरून, शर्टाची बटणं तुटलेली. म्हाताऱ्यानं सरकून त्याला ओट्यावर जागा दिली.

नानांच्या तेराव्याला तो दोंडाईचाहून आला. एसटीत मांडीवर धरून आणलेली कच्ची फणी त्यानं पंच्यातून सोडवून नानांच्या फोटोपुढे ठेवली.

"एक डाग शे, नाना."

मी चष्मा लावून बघितलं. मला कुठे दिसला नाही. अक्कांनी फणी अलगद उचलली आणि आत न्यायला निघाल्या.

"दोन दिवसांनी दिसेल," त्या म्हणाल्या.