निळीच्या जागी ज्वारी

सेलूच्या जिनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, तो कापूस पारखायचा. वाचता येत नसे, पण शुक्रवारच्या सुट्टीत वाचनालयात मास्तर कादंबरी वाचत, तेव्हा तो सर्वांत आधी हजर असे. ऐकताना चिमटीत कापसाचा धागा ओढत राही. गोष्ट पटली नाही की धागा तोडून म्हणे, "कच्चं हाय, मास्तर."

काय वाचलं जातं ते टिपायला दारात निजामाच्या पोलिसांचा जवान वही घेऊन बसे. त्याने वाईट लिहिलं, तर वाचनालयाला कुलूप लागणार होतं.

त्या शुक्रवारी कादंबरीतले गोरे मळेवाले शेतकऱ्यांकडून जबरदस्तीने नीळ पिकवून घेऊन गाड्या भरून नेत होते. ऐकायला बसलेले एक वकीलसाहेब म्हणाले, "हे इंग्रजी मुलखातलं. आपल्याला काय त्याचं?"

त्याच वर्षी निजाम सरकार आमच्या खळ्यांवरून लेव्हीची, म्हणजे सक्तीच्या वसुलीची, ज्वारी उचलत होतं.

कापूस पारखणाऱ्याच्या चिमटीतला धागा शाबूत होता. "मास्तर, पुन्यांदा वाचा. नीळ आली की ज्वारी म्हणा."

मास्तरांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि वाचलं. ज्वारीच्या गाड्या गावाबाहेर निघाल्या.

जवानाने पेन्सिल उचलली. "हे लिवू का, काका?"

"लिवा की. वालूरला तुमच्या बापाच्या खळ्यावरची नेली, ती बी लिवा."

मग जवानाने उर्दूत एकच ओळ लिहिली. माझं शिक्षण उर्दूतलं, म्हणून मला ती वाचता आली: "निळीची गोष्ट वाचली. हरकत नाही."