गॅलरीतलं एक दार राहिलं

मी परळची चाळ सोडली तेव्हा टॅक्सी खाली उभी होती आणि आई मला गॅलरीत दारोदार फिरवत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं, येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला. आदल्या संध्याकाळी आई शेजाऱ्यांकडे जाऊन म्हणायची, "माझं काही चुकलं असेल तर माफ करा." त्याशिवाय ती भाकर आणि प्याला घ्यायचीच नाही. त्या दिवशी ही फेरी तिने मला करायला लावली. शेजारच्या कांबळेमावशी, पक्क्या बौद्ध, हसत म्हणाल्या, "अगं, माफी कसली मागतेस? पोचलीस की फोन कर." माझा भाऊ, सुनीलदादा, माझ्या बॅगा घेऊन जिना उतरत होता. त्याची माफी मागायची राहूनच गेली.

टोरोंटोत आधी वृद्धाश्रमात शिफ्ट केल्या, मग नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा दिली. त्याच आठवड्यात आई गेली. दादाने मला कळवलं ते शिवडीच्या दफनभूमीत माती देऊन आल्यावर! "तुझी परीक्षा होती गं, म्हणून नाही सांगितलं." मी ओरडले, "तू कोण ठरवणारा?" आणि फोन कट केला. इथे मी परक्यांच्या आयांना भरवत होते, आणि माझी आई माझ्याशिवाय मातीत गेली. हे माफ करायचं? का म्हणून? आधी त्याला मागू दे की माफी.

तीन वर्षं झाली. इथल्या चर्चमध्ये छोट्या प्याल्यांचा ट्रे हातोहात पुढे येतो. मी प्याला न घेता ट्रे पुढे देते. कुणी काही विचारत नाही, तरी सगळ्यांना कळतंय असं वाटत राहतं.

परवा वहिनीचा मेसेज आला. "सोमवारी ह्यांची बायपास आहे. म्हणाले, ह्या वेळी तिला आधी कळव." नर्स आहे मी, बायपास रोज बघते, पण दादाची? आणि मग इतकी वर्षं टाळलेलं सगळं आठवायला लागलं. चूक कुणाची हे आईने कधी विचारलंच नव्हतं. ती आपली दारात जाऊन उभी राहायची. तिच्या शेवटच्या महिन्यांत तिला उचलून बसवलं कुणी? दादाने. त्याबद्दल तो मला एक शब्द बोलला नाही.

आज शनिवार. सकाळीच दादाला फोन लावला, तिकडे संध्याकाळ. रिंग वाजत राहिली तशी मी घाबरले. उचलला. "दादा, माझं काही चुकलं असेल तर..."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाला, "मी तीन वर्षं प्याला घेतला नाही गं."

राग सगळा गेला असं खोटं कशाला सांगू? पण उद्या पहिला रविवार आहे, ट्रे आला की घेईन. इथले लोक विचारतात, घरी कधी जाणार? आई नाही, चाळ पाडली, ती गॅलरी नाही की दारं नाहीत. घर म्हणून आता एक दादा उरलाय, आणि सोमवारी त्याची छाती उघडणार आहेत.