घडीतच राहिलेलं पान

उत्खनन खात्यात त्यांना सगळे मिलिमीटरकाका म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी खोदलेल्या खड्ड्यांसमोर बसून मातीचे थर कागदावर उतरवले: राखेचा, गाळाचा, जळक्या विटांचा. खणलेली जागा पुन्हा खणता येत नाही. मागे उरतं ते चित्रच. त्यांचं सगळ्यात मोठं चित्र खात्याच्या नियतकालिकात छापलेलं, तीन घड्यांचं, उलगडलं की टेबलाबाहेर लोंबणारं. ज्या टेकाडाचं ते चित्र होतं, ते आता धरणाच्या पाण्याखाली आहे.

नियतकालिक छापणं बंद झालं. जुने अंक संगणकावर चढवायचं काम खात्यातच असलेल्या त्यांच्या पुतणीकडे होतं. तिनं काकांना कौतुकानं बोलावून घेतलं.

"आता जगात कुठूनही तुमचं चित्र दिसणार, काका."

"जगाचं राहू दे. आधी मला दाखव."

पान उघडलं. डावीकडे राखेचा अर्धवट थर आणि शेजारी कागदाची कोरी पाठ.

"सरकव पुढे."

"एवढंच आहे."

"अगं, खड्ड्याची आठ मीटरची भिंत होती ती! एवढंच कसं?"

ती एकेक अंक उघडत गेली. प्रत्येक मोठं चित्र घडीतच. स्कॅन करणाऱ्यांनी पानं उलटली होती, उलगडली नव्हती.

"मूळ कागद तर छापखान्यातून परत आलाच नव्हता. छापील अंक आण."

"रद्दीत, लगद्याला गेले, काका. गेल्याच महिन्यात. पानांची संख्या जुळली, म्हणून मीच सही केली. बाकीच्या ग्रंथालयांनी तर आपल्या भरवशावर आधीच काढून टाकले. तुमच्या घरच्या प्रती?"

"निवृत्त होताना इथेच दिल्या. घरी वाळवी लागेल म्हणून."

ते खुर्चीत बसले.

"तुम्हीच पुन्हा काढा ना," तिनं कागद पुढे केला. "तुम्हाला तर सगळं पाठ आहे."

पेन्सिल सरसर निघाली. राखेचा थर उजवीकडे वळला आणि हात थबकला. तिथे थर खाली उतरत होता की तुटत होता? त्यांना दोन्ही दिसत होतं, तितकंच लख्ख. त्यांनी कागद टराटरा फाडला.

"हे माझ्या डोक्यातलं आहे, मातीतलं नाही. पानाखाली टीप टाक."

तिनं टाइप केलं: पुढचा भाग हरवला आहे.

"आपोआप हरवला होय गं? आम्ही उलगडून पाहिला नाही, असं लिही. खाली तुझ्या नावाशेजारी माझंही घाल."