कापसाची खाज

दिवाळीपासून आमच्या पुढच्या खोलीत कापूस भरला होता, पार पंख्याला टेकलेला. भाव वाढेल, भाव वाढेल करत होळी आली तरी तो तिथेच. चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या गावात ज्याच्या घरात कापूस, त्याच्या अंगाला खाज, हे ठरलेलंच. खोबरेल चोळायचं आणि गप्प बसायचं. लेक घोटे ओरबाडून रक्त काढायची, तर माझे सासरे, आबा, हसून म्हणायचे, "कापूसनी खाज शे पोरी, बठ्ठासले व्हस." सगळ्यांनाच होते, त्यात काय!

त्याच कापसावर आबांचा कुत्रा झोपायचा. त्याला नाव नव्हतं. आबा त्याला "भाऊ" म्हणून हाक मारायचे आणि तो धावत यायचा. सासूबाई गेल्यापासून शेतात जाताना-येताना आबांच्या सोबतीला तोच. दुपारी ओट्यावर त्याचं डोकं मांडीवर घेऊन आबा कानातले गोचीड उपटायचे आणि नखाने दगडावर चिरडायचे. रोज काढायचे, रोज नवे सापडायचे. मी आपली आतून ओरडायची, "आबा, आधी हात धुवा, मगच भाकरीला बसा!" तेवढंच मला सुचायचं.

मग कुत्र्याने भाकरी सोडली. दोन दिवस कापसावर नुसता पडून होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या नाकातून रक्त आलं आणि पांढऱ्या कापसावर लाल डाग पडला. मी काय करावं? मी आबांवर तडकले. "उतरवा त्याला खाली! डागाचा कापूस व्यापारी घेईल का? सगळ्यांची मेहनत मातीत घालता की काय!" आबांनी कुत्र्याला उचललं आणि रिक्षा थांबवली. मला लाज वाटली, मीही मागोमाग चढले.

तालुक्याच्या डॉक्टरांनी कुत्र्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक. पोटाच्या केसांत आमचाच कापूस अडकला होता, त्यात काळे बारीक कण.

"माती असेल," मी म्हटलं.

डॉक्टरांनी त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. कणांभोवती तांबूस रंग पसरला.

"माती नाही ताई, ही पिसवांची घाण. ह्याचंच रक्त पिऊन टाकलेली. वर गोचिडांनी ताप दिलाय, तो रक्तात भिनलाय. आणि गोचीड नखाने चिरडू नका, त्यातून माणसालाही आजार होतात." मग त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. "हे काय?"

"कापसाची खाज."

"कापूस वेचला, भरला हातांनी, आणि खाज फक्त घोट्यालाच?"

मी खाली पायांकडे पाहिलं. ओळीने उठलेले लाल ठिपके मी चार महिने रोज बघत होते. लेकीचेही बघत होते. डोळे काय फुटले होते माझे? पिसवा कापसात वाढत होत्या, आम्हाला चावत होत्या, आणि आम्ही बसलो होतो तेल चोळत.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. पण रक्त फार कमी झालंय, चढवावं लागेल, म्हणाले. त्यासाठी दुसरं निरोगी कुत्रं आणा, मग जळगावला सोय होते का बघू.

आबांनी सदऱ्याची बाही वर सारली. "मनं काढी ल्या."

"माणसाचं चालत नाही, आबा."

आबांनी हात तसाच पुढे धरून ठेवला. शेवटी मीच त्यांची बाही खाली केली.

गावात आलो आणि आमच्या ह्यांनी ओळखीतल्या सगळ्यांची कुत्री पाहिली. लोक बिचारे द्यायला तयार होते, अडवलं कोणीच नाही. पण प्रत्येकाच्या कानात गोचीड लोंबत होते. एक धड कुत्रं सापडलं नाही हो अख्ख्या गावात!

कापूस तातडीने हलवा, खोली साफ करून फवारा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. टेम्पो सकाळी येणार होता. संध्याकाळी कुत्रा कसाबसा खोलीच्या दारापर्यंत आला आणि ढिगाकडे बघत उभा राहिला. चढायची ताकद नव्हती. आबांनी माझ्याकडे पाहिलं. सुनेकडे, परवानगी मागितल्यासारखं. "ठेवा आबा," मी म्हटलं, "पडू दे डाग."

सकाळी टेम्पो आला तेव्हा कुत्रा गेलेला होता.

हमालाने विचारलं, "हा डागाचा कापूस वेगळा काढू का?"

"दे," आबा म्हणाले. तेवढा कापूस त्यांनी दोन्ही हातांनी गोळा केला, कुत्र्याला त्यात गुंडाळलं आणि छातीशी धरून शेताकडे निघाले. अहो आबा, पिसवा आहेत त्यात, अंगावर चढतील, असं ओरडायला मी तोंड उघडलं होतं. ओरडले नाही. दारात उभी राहून बघत राहिले, एका पायाने दुसऱ्या पायाचा घोटा खाजवत.